जुना माल, नवी इमारत: व्यावसायिक प्रकल्पात पाडकामातलं साहित्य कसं वापरावं

पुण्याच्या पेठांत वाडा उतरवला जातो, गिरगावात नाहीतर लालबागेत चाळ पुनर्विकासाला जाते, आणि बघता बघता शंभर वर्षं टिकलेलं सागवान ट्रकवर चढतं. त्यातलं काही ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात पोचतं, काही लाकडाच्या वखारीत, काही सरळ सरपणात. विटा, घडीव दगड, कौलं, फरश्या यांची गत आणखी वाईट. पोकलेनने भिंत ओढली की सगळ्याचा मिळून राडारोडा होतो आणि तो कुठल्यातरी ओढ्याकाठी जाऊन पडतो. पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर नवं ऑफिस उभं राहतं आणि त्याला नव्या विटा, नवा दगड, जहाजाने आलेलं लाकूड लागतं.

हा लेख नवख्या आर्किटेक्टसाठी, साइट इंजिनिअरसाठी आणि पहिल्यांदाच ऑफिस, हॉटेल, शोरूम किंवा दवाखाना बांधणाऱ्या मालकासाठी आहे. घरात जुना दरवाजा लावणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. मला जास्त आशा व्यावसायिक प्रकल्पांकडून वाटते, कारण एका हॉटेलला लागणारी फरशी कित्येक घरांना पुरेल. पण तिथेच हा माल सगळ्यात जास्त अडतो. एकसारखा मिळत नाही, वेळेवर येत नाही, वॉरंटी नसते, बिल नसतं, आणि फायर ऑफिसरपासून ऑडिटरपर्यंत सगळे त्यावर बोट ठेवतात. या सगळ्या अडचणी सुटतात, पण एका अटीवर: कोणता जुना माल वापरायचा हे नकाशे आणि टेंडर पक्कं होण्याआधी ठरलं पाहिजे. नंतर आणलेला माल रिसेप्शनमागच्या भिंतीवर शोभेला लागतो, इमारतीच्या कामाला येत नाही.

१. मालकाशी सुरुवातीलाच बोला

पहिला प्रश्न ठरलेला असतो: "स्वस्त पडेल ना?" खरं उत्तर द्या. साहित्याचा पैसा वाचतो, मजुरीचा वाढतो. वीट साफ करायला माणूस लागतो, लाकडातले खिळे उपटायला माणूस लागतो, चार घरांतून आलेल्या झडपा एका रांगेत बसवायला हाताचा चांगला सुतार लागतो. सागवान, घडीव दगड आणि जुन्या फरश्या यांचा हिशेब बहुतेकदा फायद्यात येतो, कारण त्या प्रतीचा नवा माल महाग तरी आहे किंवा मिळतच नाही. विटांचं तसं नाही. पाडकाम जवळ असेल आणि वीट चुन्यात बांधलेली असेल तर जमतं. यातलं एक जरी नसलं तरी वाहतूक आणि साफसफाईत बचत संपते. हे तोंडी सांगू नका. प्रत्येक वस्तूचा एक तक्ता करा: नव्या मालाचा दर, जुन्या मालाचा दर, सफाई, वाहतूक, साठवण, बसवायची मजुरी, तूट (फुटून-कापून वाया जाणारा माल). मालकाला तक्ता कळतो.

दुसरा प्रश्न: "गिऱ्हाइकाला भंगार वाटणार नाही ना?" इथे उदाहरणं दाखवा. केरळात वेंबनाड काठी कुमारकोमला सीजीएच अर्थ या कंपनीचं 'कोकोनट लगून' रिसॉर्ट आहे. जुनी तरवाड (केरळातल्या एकत्र कुटुंबांची) घरं सुटी करून तिथे पुन्हा जोडली आहेत आणि पाहुणे त्या लाकडी घरांत राहण्यासाठीच तिथे येतात. ब्रसेल्समध्ये २०१६ साली पूर्ण झालेल्या 'युरोपा' इमारतीची दर्शनी बाजू युरोपभरातून जमवलेल्या ओकच्या ३,७५० जुन्या खिडकी-चौकटींची आहे. तिथे राष्ट्रप्रमुखांच्या बैठका होतात. आपल्या जवळ नवी मुंबईत बेलापूरला एसपीएस आर्किटेक्ट्सनी केलेल्या 'कोलाज हाउस'ची दर्शनी भिंत पाडलेल्या घरांच्या दारं-खिडक्यांची आहे. ते घर आहे, ऑफिस नाही, पण मापं वेगवेगळी असूनही रचना कशी बांधून ठेवता येते हे शिकायला त्याचे फोटो जरूर बघा.

एक अवघड गोष्ट आर्किटेक्टने स्वतःशी आधीच सोडवावी. फी बांधकाम खर्चाच्या टक्क्यांवर असेल, तर जुना माल वापरला की तुमचं काम वाढतं आणि फी घटते. हे अन्यायाचं आहे, आणि अशाने चांगली माणसंही हळूच नव्या मालाकडे वळतात. या कामासाठी वेगळी ठोक रक्कम करारात लिहून घ्या. मालकाला कारण सांगितलं की तो सहसा नाही म्हणत नाही.

२. काय घ्यायचं आणि काय मुळीच नाही

सुरुवात अशा वस्तूंपासून करा ज्यांवर इमारतीचा भार नाही आणि ज्या चुकल्या तर बदलता येतात. फरश्या (शहाबाद, कडप्पा, कोटा, जुन्या नक्षीदार सिमेंट टाइल्स), लाकडी दारं-खिडक्या, कठडे, गजांच्या जाळ्या, अंगणातलं आणि कुंपणाचं दगडकाम, पार्टिशनच्या विटा, टेबल-काउंटरचं लाकूड, मंगलोरी कौलं. पहिल्या प्रकल्पात यांतल्या दोन-तीनच वस्तू निवडा आणि त्या भरपूर वापरा. दहा वस्तू थोड्याथोड्या घेतल्या तर दहा वेगळे पुरवठादार, दहा वेगळ्या तपासण्या आणि दहा ठिकाणी उशीर होतो.

तुळया, गर्डर, खांब भारासाठी वापरायचे असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअर पहिल्या बैठकीपासून सोबत हवा. त्याची तयारी नसेल तर त्याला भरीस घालू नका, सही त्याची असते.

आता न घेण्याच्या वस्तू. सरळ केलेली जुनी सळई आरसीसीत घालू नका. बाजारात ती सर्रास मिळते, स्वस्त असते, आणि ती किती वेळा वाकली आहे, आतून किती गंजली आहे हे कुणालाच माहीत नसतं. जुनी वायर, स्विचगिअर, गॅसची पाइपलाइन नको. दहा-बारा लिटर पाणी एका वेळी ओतणारे जुने फ्लश टँक नकोत. सिमेंटच्या जुन्या पन्हाळी पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून गेले तर फुफ्फुसांना घातक असे तंतू) असतं. ते कापू, फोडू किंवा घासू नका, ओले करून अखंड उतरवा आणि वेगळे द्या. टफन केलेली काच पुन्हा कापता येत नाही, कापायला गेलात तर तिचा चुरा होतो. ती आहे त्याच मापात बसत असेल तरच घ्या.

जिन्याच्या आणि सुटकेच्या वाटेवरचे दरवाजे हा व्यावसायिक इमारतीतला खास मुद्दा. तिथे प्रमाणित अग्निरोधक दरवाजेच लागतात. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याखाली अग्निशमन दल ते बघतं. वाड्याच्या चौकातला सुंदर सागवानी दरवाजा केबिनला लावा, मीटिंग रूमला लावा. अग्निसुरक्षेच्या जिन्याला लावू नका. लाकडी आच्छादनाचा विचारही फायर कन्सल्टंटला दाखवूनच पुढे न्या.

३. पाडकामाआधीची फेरी

मालाचा सगळ्यात चांगला साठा बहुतेकदा तुमच्याच प्लॉटवर उभा असतो. जुनी इमारत पाडून नवी बांधायची असेल तर पाडकामाचं कंत्राट देण्याआधी फेरी मारा. सोबत सुतार, गवंडी आणि मोजणीचा माणूस घ्या. प्रत्येक खोलीत काय आहे, किती आहे, कसं जोडलेलं आहे हे लिहा, फोटो काढा, आणि जे हवं त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने क्रमांक टाका. खडूची खूण पहिल्या धुळीत जाते.

भिंतीच्या कोपऱ्यात एक वीट काढून बघा, कारण विटा जोडणारा मसाला कशाचा आहे यावर पुढचं सगळं ठरतं. चुन्याचा मसाला नखाने कोरला जातो आणि वीट अखंड सुटते. सिमेंटचा मसाला विटेपेक्षा घट्ट असतो, तो काढताना वीटच फुटते. कोपनहेगनला लेंडागर या आर्किटेक्ट मंडळींपुढे हाच पेच आला. कार्ल्सबर्गच्या जुन्या ब्रुअरीच्या भिंती सिमेंटात होत्या, म्हणून त्यांनी विटा सुट्या करण्याचा नाद सोडला, भिंतीचे चौकोनी तुकडेच करवतीने कापले आणि 'रिसोर्स रोज' या वसाहतीच्या दर्शनी भागावर ते लावले. आपल्याकडे १९७० नंतरच्या बहुतेक इमारती सिमेंटच्याच. तिथे विटांची आशा न धरता दारं, ग्रिल, फरश्या आणि लोखंड यांवर लक्ष द्या.

आता पैशाचा भाग. आपल्याकडे जुनी, लाकडाने भरलेली इमारत पाडायची असेल तर ठेकेदार उलट मालकालाच पैसे देतो, कारण निघणारा माल त्याचा असतो. तुम्हाला माल हवा असेल तर तो त्या रकमेतून वजा होणार, हे गृहीत धरा. कंत्राटात एक यादी जोडा: 'या क्रमांकांच्या वस्तू मालकाच्या, हाताने उतरवायच्या, अमुक जागी थप्पी लावायची, तुटल्यास इतकी कपात.' हाताने उतरवायचा वेगळा दर द्या. नगावर दर ठेवला तर माल जास्त अखंड निघतो. एकूण रकमेवर ठेवला तर ठेकेदाराला घाई होते.

उतरवण्याचा क्रम बांधण्याच्या उलटा असतो. आधी कड्या-कोयंडे, बिजागऱ्या, दिवे. मग झडपा आणि चौकटी. मग कौलं, रीपा, वासे. मग कडीपाट आणि तुळया, मग फरशी. भिंती सगळ्यात शेवटी. फरशी आधी काढली तर वरून पडणारा मलबा खालच्या ढिल्या जमिनीत मिसळतो आणि कामगारांना उभं राहायला पक्की जागा उरत नाही. फरशी तशीच ठेवून वर वाळूचा थर द्या, ती वाचते. पाडकामातल्या सुरक्षिततेसाठी आयएस (भारतीय मानक) ४१३० आहे, ते ठेकेदाराच्या करारात नावाने लिहा. हाताने उतरवताना माणूस उंचावर जास्त वेळ असतो, म्हणून पट्टा, हेल्मेट आणि खालची जागा मोकळी ठेवणं यात तडजोड नको.

४. लाकूड पारखून घेणं

जुन्या मालात लाकूड सगळ्यात मोलाचं आणि फसवणूकही सगळ्यात जास्त त्यातच, म्हणून इथे थोडं थांबतो.

वखारीत 'बर्मा टीक' म्हणून दाखवलेली तुळई घ्या. आधी टोकाचा काप बघा. वर्षांची वलयं जवळजवळ असतील तर झाड सावकाश वाढलेलं आहे. टोक काळवंडलेलं असेल तर दुकानदाराला एका कोपऱ्यावर रंधा मारायला सांगा. सागाचा ताजा पापुद्रा तेलकट लागतो आणि त्याला चामड्यासारखा उग्र वास येतो. वास आला नाही, लाकूड फिकं आणि हलकं असेल, तर ते पाइन किंवा दुसरं काही असू शकतं. जुन्या पाइनलाही उत्तम उपयोग आहे, पण दर सागाचा देऊ नका.

मग खिळ्यांची भोकं बघा. लोखंडी खिळा सागात वर्षानुवर्षं राहिला की भोकाभोवती निळसर काळा डाग आत खोलवर उतरतो. नव्या लाकडाला रंग फासून 'जुनं' केलेलं असेल तर भोकं स्वच्छ दिसतात आणि पापुद्रा काढला की आतलं लाकूड एकदम वेगळ्या रंगाचं निघतं. जुन्या तुळईच्या खाचांत पटाशीच्या खुणा एकसारख्या नसतात, मशीनच्या खाचेत त्या एकसारख्या असतात. शेवटी हातोडीच्या दांड्याने लांबीभर ठोकत जा. बद्द आवाज आला तिथे वाळवीने किंवा कुजीने आतून पोकळ केलेलं असतं. भिंतीत रुतलेलं टोक आणि कौलाखाली गळतीची जागा या दोन ठिकाणी हे हमखास सापडतं. बारीक भोकांतून ताजी पिवळसर भुकटी गळत असेल तर कीड अजून जिवंत आहे. ती तुळई बाकीच्या मालाजवळ ठेवू नका.

माप निव्वळ घ्या. वखारवाला बाहेरच्या मापाने घनफूट काढतो. तुम्हाला मिळणारं लाकूड खाचा, भेगा आणि कुजकी टोकं वजा करून उरलेलं असतं. दर ठरवण्याआधी दोन-चार तुळया सॉ मिलमध्ये कापून प्रत्यक्षात किती फळी निघते ते बघा आणि त्या प्रमाणावर सगळ्या मालाचा हिशेब बसवा. कापण्याआधी प्रत्येक तुकडा मेटल डिटेक्टरखाली जायलाच हवा. आत तुटलेला एक खिळा रंध्याची पाती फोडतो, आणि मिलवाला पुढचा माल घ्यायला नकार देतो. खिळे उपटायला दोन माणसं वेगळी लावा, सुताराच्या रोजात हे काम करून घेणं महाग पडतं.

व्यावसायिक जागेसाठी आणखी एक गोष्ट. वाड्याच्या उघड्या हवेत राहिलेलं लाकूड दिवसभर एसी चालणाऱ्या ऑफिसात गेलं की सुकतं आणि आकसतं. मॉइश्चर मीटरने बघा. ओलावा १०-१२ टक्क्यांपर्यंत उतरेपर्यंत कापलेल्या फळ्या पट्ट्या देऊन हवेशीर जागी रचून ठेवा, जमल्यास शेवटचे काही दिवस त्याच इमारतीत. पॅनेल बसवताना लाकडाला हलायला जागा सोडा.

जुन्या रंगाबद्दल सावध राहा. घरगुती आणि सजावटी रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा ऑइलपेंट शिशाचा असू शकतो. तो कोरड्या सँडरने घासू नका, ती धूळ सुताराच्या आणि त्याच्या घरच्या लेकरांच्या अंगात जाते. रंग काढायचं रसायन लावून ओलं खरवडा, मास्क द्या, खरवड गोळा करून वेगळी ठेवा.

५. विटा, कौलं, दगड, लोखंड

वीट वाजवून बघा, खणखणली पाहिजे. मग नमुने प्रयोगशाळेत पाठवा. आयएस ३४९५ प्रमाणे दाबशक्ती, पाणी शोषण आणि लोणा (विटेवर फुटणारे पांढरे क्षार) या तीन चाचण्या होतात. पार्टिशनसाठी चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन हा सगळ्यात खालचा वर्ग पुरतो आणि शोषण २० टक्क्यांच्या आत हवं. लोणा जास्त निघाला तर ती वीट गिलाव्याआड घालू नका, पोपडे येतात. पेशवाई वाड्यातली पातळ वीट आणि आजची वीट यांची मापं जुळत नाहीत, म्हणून एक भिंत पूर्ण एकाच मापाची करा. चुन्याची वीट पुन्हा बांधतानाही चुन्यात किंवा चुना घातलेल्या मऊ मसाल्यात बांधली तर ती पुढच्या वेळीही सुटेल.

मंगलोरी कौलांचा कारखाना बासल मिशनने मंगळूरला १८६५ साली काढला, आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर कितीतरी कारखाने उभे राहिले. कौल उलटं करून बघा, कारखान्याचं नाव आणि चिन्ह उठवलेलं असतं. ते नाव महत्त्वाचं आहे, कारण दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत आणि तिथूनच पावसाळ्यात गळतं. छपराची एक बाजू एकाच नावाच्या कौलांची करा. चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात. फुटतूट धरून जास्तीची घ्या, त्या छापाची नंतर मिळतीलच असं नाही. रीपांचं अंतर हातातल्या कौलावरून ठरवा, ड्रॉइंगवरून नाही.

दगडात काळा पाषाण कुठेही पुन्हा वापरता येतो, घडीव असेल तर उत्तमच. मुंबईच्या कितीतरी जुन्या इमारतींवर दिसणारा पिवळसर मालाड दगड आता पाडकामातूनच मिळतो. तसा हाती लागला तर तो भरावात जाऊ देऊ नका. फरश्या काढल्यावर पाठीवर चिकटलेला मसाला काढावा लागतो आणि जाडी कमी-जास्त असते, म्हणून त्या बसवताना खालचा थर जाड धरा आणि लेव्हलच्या नकाशात आधीच तेवढी जागा ठेवा. हे विसरलं तर लिफ्टच्या दारात पायरी येते.

जुन्या गर्डरवर पोलादाच्या कारखान्याचं नाव उठावाच्या अक्षरांत असतं, मुंबईत 'डॉर्मन लाँग' पुष्कळदा दिसतं. नाव आवडलं म्हणून भार देऊ नका. तुकडा कापून ताणशक्तीची आणि रासायनिक चाचणी करा. जुन्या पोलादात कार्बन, गंधक, फॉस्फरस जास्त असेल तर वेल्डिंगला तडे जातात, तिथे बोल्टची जोडणी घ्यावी लागते. गंजून पातळ झालेल्या जागी कॅलिपरने जाडी मोजा. ब्रिटनमध्ये २०१९ साली स्टील कन्स्ट्रक्शन इन्स्टिट्यूटने जुन्या पोलादाच्या पुनर्वापराची सविस्तर पद्धत प्रसिद्ध केली, आणि ती १९७० नंतरच्या इमारतींतल्या पोलादापुरतीच आहे. इतकी सावधगिरी तिथे बाळगतात, तर आपणही बाळगावी. बिडाचे नक्षीदार खांब ठिसूळ असतात आणि त्यांचं वेल्डिंग भरवशाचं नाही. ते बाल्कनीच्या शोभेला ठेवा, आत खरा भार घेणारा नवा पाइप घाला.

६. कागद नसेल तर माल नाही

घरमालक रोखीने जुना दरवाजा घेतो आणि विसरतो. कंपनीला ते चालत नाही. वखारीकडून जीएसटीचं बिल, मालाचं वर्णन आणि तो कुठल्या पाडकामातून आला याचं पत्र घ्या. वाहतुकीला ई-वे बिल लागतं का ते बघा. सागवानाची ने-आण असेल तर वनविभागाच्या परवान्याबद्दल आधी कार्यालयात विचारून लेखी उत्तर ठेवा, रस्त्यात अडलेला ट्रक सोडवायला दिवस जातात.

कोरीव खांब, तोरणं, मूर्ती घेताना आणखी एक कायदा आडवा येतो. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, इमारतीपासून सुटी केलेली वस्तू पुरावशेष ठरू शकते. तिचा व्यापार परवानाधारकालाच करता येतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. वाड्याची गणेशपट्टी हॉटेलच्या लॉबीत लावण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला दाखवा. जी इमारत वारसा यादीत आहे, तिच्यातून निघालेला माल तर वारसा समितीची परवानगी बघितल्याशिवाय हातात घेऊच नका.

राडारोड्याचेही नियम आहेत. २०१६ च्या नियमांत, दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा काढणाऱ्याने काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-मसाला असे चार भाग वेगळे करायचे आणि योजना स्थानिक संस्थेकडून मंजूर करून घ्यायची, असं सांगितलं होतं. २०२५ च्या नव्या नियमांची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासूनची आहे. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांवर त्यांत विस्तारित उत्पादक जबाबदारी आहे, म्हणजे निघालेल्या राडारोड्याची पुढची सोय काढणाऱ्यानेच बघायची. मोठ्या मालकाशी बोलताना हा मुद्दा आधी काढा, कारण पुनर्वापर केलेला प्रत्येक टन त्याच्या राडारोड्यातून वजा होतो.

हरित मानांकन घ्यायचं असेल तर पुनर्वापराची नोंद गुणांसाठी उपयोगी पडते. 'लीड' (LEED) या हरित मानांकनाच्या २००९ च्या आवृत्तीत एकूण साहित्याच्या किमतीच्या ५ टक्के जुना माल असेल तर एक गुण आणि १० टक्क्यांना दोन गुण होते. किंमत कशी धरायची हे मानांकनाच्या सल्लागाराशी आधीच ठरवा आणि प्रत्येक वस्तूचं बिल आणि फोटो एका फाइलमध्ये ठेवा.

७. टेंडरात काय लिहायचं

मुख्य कंत्राटदार जुन्या मालाला नाखूश असतो, आणि त्याचं कारण सरळ आहे: नव्या मालाच्या खरेदीत त्याचा नफा असतो. तो नफा काढून घेऊन वर कटकटीचं काम दिलंत तर तो दर वाढवून ठेवेल किंवा साइटवर माल फोडेल. म्हणून जुन्या मालाच्या बाबी बीओक्यूत (टेंडरातल्या कामांच्या आणि परिमाणांच्या यादीत) वेगळ्या मांडा. माल मालकाचा, काम कंत्राटदाराचं, उतरवणं-चढवणं आणि सांभाळण्याचा टक्का वेगळा. तूट किती धरायची ते आकड्यात लिहा. अंदाज पक्का नसेल तिथे तात्पुरती रक्कम ठेवा.

ड्रॉइंगवर एकच माप देऊ नका, मर्यादा द्या: 'झडप रुंदी ४५० ते ६०० मिमी, उंची १८०० ते २१००, चौकट साइटवर मापून.' एका चौकटीत वेगवेगळ्या झडपा बसतील असा ग्रिड आखला की उद्या एखादा नग नापास झाला तरी काम थांबत नाही. प्रत्येक जुन्या वस्तूला नव्या मालाचा पर्याय आणि तो ठरवायची शेवटची तारीख लिहा. त्या तारखेपर्यंत माल तपासून साइटवर आला नाही तर नवा घ्यायचा, वाद नको. हे लिहिलेलं असलं की मालकाच्या प्रोजेक्ट मॅनेजरची भीती निम्मी होते.

आणि नमुना करून बघा. दोन मीटर भिंत, एक खिडकी, चार चौरस मीटर फरशी. मालक, कंत्राटदार आणि आर्किटेक्ट तिघांनी त्यावर सही करायची. 'जुनं दिसतं' आणि 'खराब दिसतं' यातली रेघ प्रत्येकाची वेगळी असते, ती नमुन्यावर एकदा ठरली की बिलाच्या वेळी भांडण होत नाही.

८. साठवण आणि बसवणं

गोदामाचं भाडं ही या कामातली न दिसणारी गळती आहे. भिवंडीला जागा मिळते, पण सहा महिने माल पडून राहिला तर वाचलेले पैसे भाड्यात जातात. खरेदी मेच्या आधी उरकली तर बरं. पावसाळ्यात उघड्यावरचं लाकूड आणि विटा दोन्ही पाणी पितात. लाकूड जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर ठेवा. कौलं आडवी रचू नका, कडेवर उभी करा. फरश्याही उभ्या, मध्ये सुतळी किंवा गवत. प्रत्येक थप्पीवर फेरीतला क्रमांक, नग आणि कुठे लागणार ते लिहा.

बसवताना शक्य तिथे खिळा आणि चिकटवणं टाळून स्क्रू आणि बोल्ट वापरा. मिस्त्रीला पहिले दोन-तीन दिवस रोजंदारीवर काम द्या आणि मग नगाचा दर ठरवा, कारण या कामाचा अंदाज त्यालाही करून बघितल्याशिवाय येत नाही. चांगला सुतार मिळाला तर त्याचं नाव पुढच्या प्रकल्पासाठी जपून ठेवा. हे काम जाणणारी माणसं कमी होत चालली आहेत, आणि त्यांना सलग काम मिळालं तरच त्यांची मुलं हातात पटाशी धरतील.

जे अखंड वापरता आलं नाही, त्यातलं काँक्रीट आणि विटा तोडून खडी होते. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत पुनर्वापरित काँक्रीटच्या जाड खडीला परवानगी आहे: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम२५ (एम हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) पर्यंतच्या आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत, आणि एम१५ खालच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के. पार्किंगचे पेव्हर, कुंपणाच्या भिंतीचे ब्लॉक, फरशीखालचा थर यासाठी हे पुरेसं आहे. दिल्लीत बुराडीला २००९ पासून असा प्रक्रिया प्रकल्प चालू आहे, आणि मुंबई-पुण्याच्या महापालिकांचेही आहेत. तिथे गेलेल्या प्रत्येक ट्रकची पावती फाइलला लावा.

इमारत सुपूर्द करताना देखभाल करणाऱ्या माणसाला तीन गोष्टी द्या: कोणता जुना माल कुठे आहे त्याचा नकाशा, तो कसा साफ करायचा याचं एक पान (सागाला तेल कधी, शहाबादीवर अ‍ॅसिड कधीच नाही), आणि कुलूपबंद खोलीत मोजून ठेवलेली जादा कौलं, फरश्या आणि दोन-चार झडपा. त्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे हेही त्याच पानावर लिहा.